जिंकणारा संघ बंद का पडतो? इटलीच्या फासा बोर्तोलोची सहा वर्षं

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. रस्त्याच्या कडेला उभं राहून व्यावसायिक सायकलपटूंचा थवा अंगावरून जाताना पाहण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ. त्याच्या थोडं आधी, २०२५ चा हंगाम संपताना, युरोपातून काही बातम्या आल्या होत्या. फ्रान्सचा आर्केआ–बी अँड बी हॉटेल्स हा संघ पैशाअभावी बंद झाला. बेल्जियमच्या लोत्तो आणि इंटरमार्शे (हे एका सुपरमार्केट साखळीचं नाव) या दोन संघांनी विलीन व्हायचं ठरवलं. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे सगळं कोड्यात टाकतं. संघांना गावाची, शहराची नावं का नाहीत? ‘हॉटेल’ आणि ‘सुपरमार्केट’ ही काय संघांची नावं झाली? आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत उतरणारा संघ एका हिवाळ्यात नाहीसा कसा होतो?

याचं उत्तर एका संघाच्या गोष्टीतून चांगलं कळतं. इटलीचा फासा बोर्तोलो. २००० मध्ये सुरू झाला, २००५ च्या अखेरीस संपला. या सहा वर्षांत त्याने मिळवलेले विजय पाहिले तर हा संघ बंद पडला यावर विश्वास बसत नाही.

फासा बोर्तोलो म्हणजे कोण?

हे कुठल्या खेळाडूचं नाव नाही. व्हेनिसच्या उत्तरेला त्रेव्हिझो प्रांतात स्प्रेझियानो नावाचं गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाची ही कंपनी. चुना, गिलावा, तयार मॉर्टर हा तिचा धंदा. थोडक्यात, घर बांधताना गवंड्याला जे लागतं ते विकणारी कंपनी.

इटलीच्या सायकलिंगचा इतिहास अशाच कंपन्यांनी भरलेला आहे. सुरुवातीला संघ चालवायचे ते सायकल बनवणारे: बियांकी, लेन्यानो. सायकल विकायची म्हणून शर्यत जिंकायची, इतका सरळ हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक स्कूटर आणि मोटारींकडे वळले आणि सायकल कंपन्यांचे हात आखडले. तेव्हा १९५४ मध्ये फियोरेंझो मान्यी या खेळाडूने आपल्या संघासाठी निव्हिया या क्रीमच्या कंपनीचा पैसा आणला. सायकलशी काडीचा संबंध नसलेली कंपनी जर्सीवर आली आणि दार उघडलं. पुढे इग्निसचे फ्रिज आले, फाएमाची कॉफी यंत्रं आली, मोल्तेनीचं सॉसेज, साल्वारानीची स्वयंपाकघरं, आरिओस्तेआच्या फरश्या, मापेईचे बांधकामाचे गोंद. एडी मर्क्ससारखा जगातला सर्वश्रेष्ठ सायकलपटू आपली सर्वोत्तम वर्षं सॉसेजवाल्या कंपनीचं नाव छातीवर मिरवत धावला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इटलीच्या घराघरात जे जे होतं ते ते जर्सीवर आलं, असं म्हटलं तरी चालेल. गिलाव्याची कंपनी याच परंपरेतली.

पैसा येतो कुठून?

सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

आयपीएलच्या फ्रँचायझीला सामन्याची तिकिटं विकता येतात. प्रक्षेपणाच्या हक्कांतून बीसीसीआयला जो पैसा मिळतो, त्याचा वाटा तिला मिळतो. संघ विकायचा म्हटलं तरी त्याला किंमत येते. सायकल संघाकडे यातलं काहीच नाही. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होते, त्यामुळे बघणाऱ्याला तिकीट नाही. टीव्हीचे हक्क शर्यतीच्या आयोजकाकडे असतात. टूर द फ्रान्स ‘एएसओ’ या फ्रेंच कंपनीची, तर जिरो दितालिया ‘आरसीएस’ या इटालियन माध्यमसमूहाची. प्रक्षेपणाच्या पैशाचा वाटा ते संघांना देत नाहीत. बक्षिसाची रक्कमही संघ चालवण्याच्या मानाने किरकोळ. टूर जिंकणाऱ्याला पाच लाख युरो मिळतात आणि प्रथा अशी की ते सहकाऱ्यांत वाटले जातात.

मग उरतो एकच मार्ग: प्रायोजक. संघाची कायदेशीर मालकी बहुतेक वेळा एका छोट्या व्यवस्थापन कंपनीकडे असते. तिच्यामागे अनेकदा एखादा माजी खेळाडू असतो. ही कंपनी खेळाडूंशी करार करते, परवाना घेते, बस आणि मोटारी विकत घेते, मेकॅनिक आणि मसाज करणारे नेमते. प्रायोजक दोन-तीन वर्षांसाठी पैसे देतो आणि त्या बदल्यात संघाला आपलं नाव देतो. करार संपला की नाव जातं, पैसा जातो, आणि व्यवस्थापकाला पुढच्या हंगामाआधी नवा प्रायोजक शोधावा लागतो. नाही मिळाला तर संघ संपला. मैदान नाही, गावाचं नाव नाही, पिढ्यानपिढ्यांचे पाठीराखे नाहीत. संघ म्हणून मागे काही उरतच नाही.

सूत्रं कुणाच्या हातात होती?

फासा बोर्तोलोचा व्यवस्थापक होता जानकार्लो फेरेत्ती. १९४१ चा जन्म. तरुणपणी साल्वारानी संघात तो फेलिचे जिमोन्दीचा ‘ग्रेगारिओ’ होता. ग्रेगारिओ म्हणजे स्वतः जिंकण्यासाठी नव्हे, तर आपल्या नायकाला जिंकवण्यासाठी राबणारा खेळाडू. तो पाण्याच्या बाटल्या आणतो, वारा अंगावर घेतो, नायकाची सायकल बिघडली तर त्याला आपलं चाक काढून देतो. निवृत्तीनंतर फेरेत्तीने संघ चालवायला घेतले आणि आरिओस्तेआसारख्या संघांतून एक शिस्तप्रिय, कडक माणूस म्हणून नाव कमावलं. इटलीत त्याला ‘लोखंडी सार्जंट’ म्हणत.

२००० मध्ये गिलाव्याच्या कंपनीचे पैसे आणि फेरेत्तीचा अनुभव एकत्र आले. निळ्या-पांढऱ्या जर्सीतल्या या संघात कोण कोण होतं पाहा. मिकेले बार्तोली २००२ मध्ये आला आणि त्याच वर्षी आम्स्टेल गोल्ड आणि लोम्बार्दिया या दोन मोठ्या एकदिवसीय शर्यती जिंकला. लोम्बार्दिया त्याने २००३ मध्ये पुन्हा जिंकली. इवान बास्सो २००२ च्या टूरमध्ये सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू ठरला. २००४ च्या टूरची सुरुवात लीएज शहरातल्या छोट्या वैयक्तिक शर्यतीने झाली. तिथे फाबियान कान्चेलारा या २३ वर्षांच्या स्विस पोराने लान्स आर्मस्ट्राँगला दोन सेकंदांनी मागे टाकलं आणि आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी अंगावर घातली. त्याच टूरमध्ये फिलिप्पो पोझातो आणि आइतोर गोन्सालेझ यांनीही या संघासाठी एकेक टप्पा, म्हणजे लांब शर्यतीतली एका दिवसाची शर्यत, जिंकला.

कान्चेलारा आणि पोझातो फासामध्ये आले कसे, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोघेही आधी मापेईत होते. मापेई त्या काळातला सर्वांत बलाढ्य संघ. तो २००२ च्या अखेरीस बंद झाला, म्हणून ही पोरं मोकळी झाली. म्हणजे फासाची ताकद काही अंशी दुसऱ्या एका संघाच्या मृत्यूतून आली होती.

पेताक्की आणि त्याची ‘ट्रेन’

पण हा संघ लोकांच्या लक्षात राहिला तो आलेस्सांद्रो पेताक्कीमुळे. उंच, शांत स्वभावाचा हा सायकलपटू ‘स्प्रिंटर’ होता. सपाट टप्प्याच्या शेवटी सगळा थवा एकत्र येतो तेव्हा अखेरच्या दोनशे मीटरमध्ये जो सर्वांत जोरात सुटतो, तो स्प्रिंटर.

त्याचं यश समजण्यासाठी वाऱ्याचं गणित माहीत हवं. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे अगदी चिकटून राहिलं तर पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. याला ड्राफ्टिंग म्हणतात. त्यामुळे स्प्रिंटरने शेवटच्या क्षणापर्यंत वाऱ्यापासून लपून राहायचं आणि तरीही पुढच्या रांगेत असायचं, अशी दुहेरी गरज असते. एकट्याने ते जमत नाही. मग संघातले पाच-सहा जण एकामागोमाग एक रांग लावतात आणि शेवटी स्प्रिंटर बसतो. पहिला जीव तोडून ओढतो, थकला की बाजूला होतो. मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी वेग वाढतो, ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगात मागून कुणाला पुढे घुसता येत नाही. ही रांग म्हणजे ट्रेन.

दहीहंडीत सगळ्यांचे डोळे वरच्या गोविंदावर असतात, पण हंडी फुटते ती खालच्या थरांच्या खांद्यांवर. इथेही तसंच. फाबिओ साक्की, मात्तेओ तोसात्तो, आल्बेर्तो ओन्गारातो, मार्को वेलो ही नावं विजेत्यांच्या यादीत क्वचित दिसतात. पण पेताक्कीच्या विजयाची जुनी चित्रफीत मिळाली तर शेवटचा किलोमीटर नीट पाहा. निळ्या जर्सी एकेक करून गळत जातात, शेवटी वेलो बाजूला होतो आणि पेताक्की सुटतो. मला स्वतःला रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये याहून सुंदर दृश्य माहीत नाही. यात रटाळपणा आहे असं म्हणणारे तेव्हाही होते, कारण निकाल आधीच ठरल्यासारखा वाटायचा. पण सहा माणसांनी सेकंदाचाही घोळ न होऊ देता हे रोज करणं किती अवघड आहे, ते बाकीच्या संघांना ते जमत नव्हतं यावरूनच कळतं.

फळ काय मिळालं? २००३ मध्ये पेताक्कीने जिरोचे सहा, टूरचे चार आणि स्पेनच्या व्हुएल्ताचे पाच टप्पे जिंकले. एकाच वर्षात या तिन्ही महाशर्यतींत टप्पे जिंकणारा तो इतिहासातला तिसराच. त्याआधीचे दोघे, मिगेल पोब्लेत आणि पिएरिनो बाफ्फी, १९५० च्या दशकातले. २००४ च्या जिरोत त्याने एकट्याने नऊ टप्पे जिंकले. २००५ च्या मार्चमध्ये मिलान–सान रेमो जिंकली. ही जवळपास तीनशे किलोमीटरची एकदिवसीय शर्यत जिंकायचं स्वप्न प्रत्येक इटालियन स्प्रिंटर पाहतो. त्याच वर्षाच्या अखेरीस संघ नव्हता.

“इतकं जिंकल्यावर प्रायोजक जाईलच कशाला?”

पहिला आक्षेप हाच येतो. आपल्याला वाटतं, जिंकणं म्हणजे कमाई. पण विजयाने संघाच्या तिजोरीत पैसा येत नाही, हे वर पाहिलं. उलट खर्च वाढतो, कारण जिंकणाऱ्या खेळाडूची मागणी वाढते आणि त्याला टिकवायचं तर पगार वाढवावा लागतो.

प्रायोजकाच्या बाजूनेही पाहा. गिलावा विकणाऱ्या कंपनीला हवं काय असतं? गवंडी, कंत्राटदार, बांधकाम साहित्याचा दुकानदार यांच्या तोंडी आपलं नाव बसावं. सहा वर्षं रोज दुपारी टीव्हीवर ते नाव दिसलं, पेताक्कीने हात उंचावले की छातीवर तेच दिसलं. एकदा नाव सर्वतोमुखी झालं की सातव्या वर्षीच्या पैशातून नवं काय मिळणार? जाहिरात म्हणून पाहिलं तर काम फत्ते झालेलं असतं. संघ जितका यशस्वी, तितकं हे काम लवकर होतं. ही या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट आहे, आणि मला ती पटत नाही.

त्यात २००५ मध्ये खेळाचं स्वरूपच बदललं. ‘यूसीआय’, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना. तिने ‘प्रोटूर’ नावाची वरची श्रेणी सुरू केली. वीस संघांना परवाने दिले आणि त्या संघांना श्रेणीतल्या सगळ्या मोठ्या शर्यतींत उतरणं बंधनकारक केलं. त्यासाठी खेळाडू जास्त, कर्मचारी जास्त, प्रवास जास्त. जागतिक कंपनीला हे सोयीचं. पण ज्या कंपनीचं गिऱ्हाईक मुख्यतः इटलीत आहे तिने जर्मनीतल्या किंवा बेल्जियममधल्या शर्यतीसाठी का खर्च करावा? इटलीचे मध्यम आकाराचे कौटुंबिक उद्योग या खेळातून हळूहळू मागे सरले त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

“डोपिंगमुळे गेला असेल ना?”

दुसरी शंका स्वाभाविक आहे. तो काळच तसा होता. फासा बोर्तोलोलाही डाग लागले, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. २००१ च्या जिरोत दारियो फ्रीगो दुसऱ्या क्रमांकावर होता. सान रेमोच्या मुक्कामी पोलिसांनी रात्री खेळाडूंच्या हॉटेलांवर छापे घातले आणि फ्रीगोची शर्यत तिथेच संपली. संघाने त्याला काढलं. पुढे तो परत आला. मग २००५ च्या टूरमध्ये त्याच्या पत्नीच्या गाडीत बंदी असलेली द्रव्यं सापडली आणि पुन्हा हकालपट्टी झाली.

अशा प्रसंगांनी प्रायोजक विटतात हे खरं. ज्या नावासाठी पैसे मोजले तेच नाव पोलिसांच्या बातमीत आलं तर कुणाला आवडेल? पण सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. डोपिंगच्या याहून मोठ्या प्रकरणांतून तरलेले संघ आहेत आणि एकही डाग नसताना बुडालेलेही आहेत. घराचा पायाच एका खांबावर उभा असेल तर तो खांब कशाने हलला हा प्रश्न दुय्यम ठरतो.

नवा प्रायोजक, जो नव्हताच

२००५ मध्ये फेरेत्तीपुढे काम होतं नवं नाव शोधण्याचं. आणि त्याला ते सापडलं असं वाटलं: सोनी एरिक्सन. मोबाइल फोनचे ते सोन्याचे दिवस होते. इतकी मोठी कंपनी येणार म्हटल्यावर इटलीच्या सायकलिंगमध्ये आनंद झाला. खेळाडूंशी पुढच्या हंगामाची बोलणी सुरू झाली.

मग कंपनीने जाहीर केलं की आमचा या संघाशी काहीही संबंध नाही. फेरेत्ती ज्या माणसाशी वाटाघाटी करत होता तो कंपनीचा प्रतिनिधीच नव्हता. सोंग घेतलेला माणूस होता. आयुष्यभर संघ चालवलेला, लोखंडी म्हणवला जाणारा माणूस फसवला गेला होता.

हे वाचून फेरेत्तीला भाबडा म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ज्याला दारोदार फिरून अनेक खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराची सोय करावी लागते, त्याला बुडत्या वेळी हात पुढे करणारा दिसला की विश्वास ठेवावासा वाटणारच. त्या वर्षानंतर फेरेत्तीकडे कुठल्या मोठ्या संघाची सूत्रं आली नाहीत.

“खेळाडूंचं काय बिघडतं? ते दुसरीकडे जातात”

नायकांच्या बाबतीत हे खरं आहे. कान्चेलारा डेन्मार्कच्या सीएससी संघात गेला आणि २००६ च्या एप्रिलमध्येच पॅरिस–रूबे ही मोठी एकदिवसीय शर्यत जिंकला. पुढे तो या खेळातला एक महापुरुष झाला. हुआन अंतोनियो फ्लेचाने फासाच्या जर्सीत २००५ च्या रूबेमध्ये तिसरा क्रमांक मिळवला होता. तो हॉलंडच्या राबोबँकेत गेला. पेताक्की मिलराममध्ये गेला. ही जर्मनीची दुधाच्या पदार्थांची नाममुद्रा. त्याने आपल्या ट्रेनमधले वेलो आणि ओन्गारातो यांच्यासह काही डबे सोबत नेले. मिलरामही २०१० मध्ये बंद झाला.

पण सगळ्यांना असा नायक सोबत नेत नाही. ग्रेगारिओच्या नावावर विजय नसतात, कारण विजय मिळवणं हे त्याचं कामच नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संघ बुडाला की बाकी संघांच्या जागा भरलेल्या असतात. अशा वेळी पंचवीस-तीस वर्षांचा माणूस कमी पगारावर खालच्या श्रेणीत जातो किंवा सायकल सोडतो. मेकॅनिक, मसाज करणारे, बसचालक यांची तर बातमीही होत नाही. यूसीआय संघांकडून बँक हमी घेते, पण तिचा उपयोग थकलेले काही पगार देण्यापुरता. ती नोकरी वाचवत नाही.

“मग नियम का बदलत नाहीत?”

प्रयत्न झाले आहेत. २०१४ मध्ये काही संघांनी एकत्र येऊन ‘वेलॉन’ नावाची कंपनी काढली आणि उत्पन्नाचे नवे मार्ग शोधू पाहिले. अलीकडे ‘वन सायकलिंग’ नावाने सौदी पैशावर नवी मांडणी करायची योजना होती. २०२५ मध्ये यूसीआयने ती आपल्या नियमांत बसत नाही म्हणून नाकारली. खरी अडचण टूर द फ्रान्सची आहे. प्रायोजकाला टूरमध्ये दिसायचं असतं, त्यामुळे कुठलाही संघ टूरवर बहिष्कार घालू शकत नाही. टूरच्या आयोजकाला हे माहीत आहे, म्हणून टीव्हीच्या पैशात वाटा देण्याची त्याला घाई नाही. आयोजकांची बाजूही ऐकायला हवी: रस्ते बंद करणं, सुरक्षा, हेलिकॉप्टरमधून चित्रण हा सगळा खर्च त्यांचा, आणि छोट्या शर्यती स्वतःच कशाबशा तग धरून असतात. तरीही खेळाचे मुख्य पात्र असलेल्या संघांना खेळाच्या उत्पन्नात जागाच नसावी, हे योग्य नाही असं माझं मत आहे.

संघ वाचण्याचा एक रस्ता मात्र इटलीतच दिसला. पोलादी पत्रे बनवणाऱ्या लाम्प्रे कंपनीचा संघ २०१६ नंतर संपायला आला होता. एका चिनी प्रकल्पाकडे तो जायचा होता, पण पैसे आले नाहीत. शेवटच्या क्षणी अबू धाबी मदतीला आलं आणि २०१७ पासून तोच परवाना संयुक्त अरब अमिरातीच्या नावाने चालू लागला. तादेय पोगाचार आज ज्या संघाकडून जगावर राज्य करतो, तो हाच. व्यवस्था वाचली, नाव आणि देश गेला. तेव्हापासून सर्वांत वरच्या श्रेणीत एकही इटालियन संघ नाही.

खेळाडू मात्र आहेत. २०२५ च्या टूरमध्ये सर्वोत्तम स्प्रिंटरची हिरवी जर्सी जोनाथन मिलान या इटालियन खेळाडूने जिंकली. त्याच्यासाठी शेवटपर्यंत वारा अंगावर घेणारा सिमोने कोन्सोनी हाही इटालियनच. त्या दोघांच्या छातीवर एका जर्मन सुपरमार्केटचं आणि एका अमेरिकन सायकल कंपनीचं नाव आहे.